सगुणाबाईंनी ऐकलेली कादंबरी

"हलू नकोस," आई म्हणाल्या. "टाके पडतील की पट्टीवर भागेल, बघू दे मला."

बघू दे म्हणाल्या तरी त्या बघत नव्हत्या. त्यांचा डावा डोळा फार पूर्वीच गेलेला आणि उजव्यात मोतीबिंदू पिकत आलेला. माझ्या भुवईवरची जखम त्या बोटांनी चाचपत होत्या. सगुणाबाई मकासरे, माझ्या सासूबाई. नगरच्या एका मिशन दवाखान्यात त्यांनी सारी हयात नर्स म्हणून काढली होती. जखमेच्या कडा त्यांनी दोन बोटांनी जुळवून धरल्या, तसं रक्त माझ्या पापणीवरून गालावर उतरलं.

"हाडाला लागलेलं नाही. पट्टीवर भागेल. कशानं मारलं?"

"डब्याच्या झाकणानं. डाळीत खडा निघाला."

बाहेरच्या खोलीत योएल, म्हणजे माझा नवरा, पेटी घेऊन बसला होता. रविवारच्या उपासनेसाठी नवं गीत बसवायचं होतं. त्याचा आवाज फार गोड होता. चर्चमध्ये तो गायला उभा राहिला की म्हाताऱ्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. लग्नाआधी सोलापूरला मला बघायला आले, तेव्हा त्या आवाजावरच माझे वडील भाळले होते.

"आई, तुम्ही त्यांना काहीच का बोलत नाही?" मी हळूच विचारलं.

त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला. "प्रार्थना करते ना मी. तूही कर. आणि मनातून माफ कर त्याला. माफ केलं नाही तर जखम चिघळते."

कुठली जखम, ते त्या बोलल्या नाहीत. स्पिरिट लागलं आणि मी ओरडले. बाहेरची पेटी क्षणभर थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

ह्या गोष्टीला आता खूप वर्षं लोटली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. मराठी घेऊन एम.ए. केलं होतं. लग्नानंतर काही महिने एका कॉलेजात तासिकेवर शिकवायला जात होते. मग योएलला कुणीतरी सांगितलं की बाई स्टाफरूममध्ये पुरुषांशी हसून बोलतात. त्या संध्याकाळी त्यानं माझा उजवा हात दारात धरून दार लोटलं. चार बोटं काळीनिळी झाली. खडू धरता येईना, आणि मग नोकरी सुटली.

माझी पुस्तकं मी माहेराहून दोन पेट्या भरून आणली होती. ती त्यानं एका दिवसात जाळली नाहीत. रोज सकाळी अंघोळीचं पाणी तापवताना बंबात एकेक घालायचा. कवितांची पातळ पुस्तकं आधी गेली. जाड कादंबऱ्या तो गुडघ्यावर धरून मधोमध फाडायचा आणि अर्धी अर्धी टाकायचा. एकदा मी त्याच्या हातातून एक ओढायला गेले, तर त्यानं माझं मनगट बंबाच्या पत्र्याला टेकवलं. तो डाग अजून आहे. शेवटची पेटी रिकामी झाली तेव्हा तो म्हणाला, "आता डोकं ताळ्यावर येईल तुझं. वाचायचंच असेल तर आईचं वाच काहीतरी चांगलं."

आईंचं म्हणजे काय, तर दरवर्षी चर्चच्या मेळ्यात एक पुस्तकांचा स्टॉल लागायचा, तिथून त्यांनी आणलेल्या ख्रिस्ती कादंबऱ्या. मुखपृष्ठावर उगवता सूर्य, नाहीतर खिडकीत बसलेलं कबुतर. आत दारुडा नवरा, सोशिक बायको, एक आजारी मूल, आणि शेवटी सगळ्यांचं अंतःकरण पालटून वेदीपुढे गुडघे टेकणं. पानापानाला उद्गारचिन्हं. छपाईच्या चुका इतक्या, की मी पेन्सिल घेऊन बसले असते तर पान काळं झालं असतं. त्या पुस्तकांना मात्र योएल हात लावत नसे. देवाचं नाव होतं ना त्यांत.

आईंना आता अक्षर दिसत नव्हतं. एका दुपारी त्यांनी एक पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "ह्या वर्षीच्या मेळ्यात घेतलेलं. वाचायचं राहिलंय. मोठ्यानं वाचशील?"

नाव होतं 'सलोमीचं घर'. लेखिका कुणी निवृत्त शाळामास्तरीण होती. मी पहिली दोन प्रकरणं वाचली ती नाक मुरडतच. सलोमी, तिचा नवरा बर्नबा, गावातलं छोटं चर्च, अंगणात तुळशीच्या जागी गुलाब. आई पाय पसरून, डोळे मिटून ऐकत होत्या.

"शेवट मी आत्ताच सांगते," मी म्हणाले. "बर्नबा मारणार, सलोमी सोसणार. मग तो रडणार, गुडघे टेकणार, आणि ही त्याला मिठी मारणार."

"टेकू दे की गुडघे. चांगलंच आहे ते. तू वाच."

तिसऱ्या प्रकरणात बर्नबानं सलोमीला मारलं. मारण्याचं वर्णन दोनच ओळींत होतं. पण पुढे लिहिलं होतं की सलोमी जमिनीवरून उठली आणि सगळ्यात आधी तिनं गॅस बंद केला, कारण भात लागत होता. मग तिनं तोंडातलं रक्त मोरीत थुंकलं, मोरीत पाणी ओतलं, आणि त्यानंतर तिला रडू आलं.

माझा आवाज बंद झाला.

मी एवढी पुस्तकं वाचली होती. त्यांत मार खाणाऱ्या बायका होत्या, विहिरी जवळ करणाऱ्या होत्या, झाडाखाली बसून आभाळाशी बोलणाऱ्याही होत्या. मार खाल्ल्यावर आधी गॅस बंद करणारी मला कुणी दाखवली नव्हती. आणि मी स्वतः आदल्याच आठवड्यात नेमकं तेच केलं होतं.

"थांबलीस?" आईंनी विचारलं.

"काही नाही. खोकला आला."

"दूध असलं तर आधी दूध उतरवायचं," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "उतू गेलं तर पुन्हा त्यावरून मार."

मग आम्ही रोज वाचायला लागलो. योएल बँकेतून यायच्या आत एक प्रकरण. भाषा तशीच भाबडी होती, उद्गारचिन्हंही तेवढीच. पण मधूनच एखादं वाक्य असं यायचं, की मी ते पुन्हा एकदा वाचायचे. फाटकाच्या आवाजावरून सलोमीला कळायचं, आजची रात्र कशी जाणार. चर्चमध्ये बायका बर्नबाचं कौतुक करायच्या आणि तीही हसून मान हलवायची. ही लेखिका स्वतःच्याच घरात हे सगळं शिकली असणार, असं मला वाटे.

शेवटचं प्रकरण आलं ते माझ्या भुवईला झाकण लागलं त्याच आठवड्यातल्या शनिवारी. बर्नबा खरोखरच पालटला होता. लेखिकेनं त्यात खोट ठेवली नव्हती. त्यानं दारू सोडली, सगळ्या चर्चपुढे उभं राहून आपलं पाप कबूल केलं, आणि सलोमी राहत होती त्या तिच्या बहिणीच्या दारात येऊन गुडघे टेकले. मी आईंकडे पाहिलं. "आता मिठी," मी म्हणाले, आणि पान उलटलं.

मिठी नव्हती. सलोमीनं खिडकीतून त्याला पाण्याचा तांब्या दिला. ती म्हणाली, मी तुला क्षमा केली आहे. मनापासून केली आहे. रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते. पण मी घरी येणार नाही. तू आता जा. बर्नबा पाणी प्यायला, त्यानं तांब्या उंबऱ्यावर ठेवला, आणि तो गेला. पुढच्या दोन पानांत सलोमीनं शिवणाचा वर्ग सुरू केला आणि पुस्तक संपलं.

"पुढे वाच," आई म्हणाल्या.

"संपलं."

"असं कसं संपेल? एखादं पान चिकटलं असेल. नीट बघ."

"नाही आई. संपलं."

त्या एकदम चिडल्या. मी त्यांना चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "ही कसली क्षमा? क्षमा केली म्हणते आणि घरात घेत नाही? हे कुठल्या शास्त्रात बसतं? कुणी छापलं हे?" पुस्तक माझ्या हातून ओढून त्यांनी भिंतीवर मारलं. ते पलंगाखाली जाऊन पडलं. मग त्यांचा हात त्यांच्या डाव्या डोळ्याकडे गेला.

"हा डोळा काचबिंदूनं गेला असं मी तुला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"काचबिंदू नव्हता गं. ह्याच्या बापानं चिमट्यानं मारलं. योएल सात वर्षांचा होता. चुलीपाशी जेवायला बसला होता, त्याच्या ताटात रक्त उडालं. त्याचा बाप दुसऱ्या दिवशी माझ्या पाया पडला. मी माफ केलं. पोराला जवळ घेतलं आणि म्हटलं, पपांना माफ कर बाळा, बघ, मी केलं ना. पोरानं बघितलं, विनया. नीट बघितलं त्यानं. डोळा फोडला तरी दुसऱ्या दिवशी ताट वाढून मिळतं, हे तो शिकला. आणि शिकवलं मीच."

मी त्यांच्या पायावर हात ठेवला. त्यांनी तो दूर केला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासना संपल्यावर पाळकीणबाई, म्हणजे आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, दारात सगळ्यांशी हात मिळवत होत्या. माझ्या कपाळावरची पट्टी पाहून त्यांनी विचारलं, "अगं, हे काय झालं?"

मोरीत घसरले, कपाटाचं दार लागलं, अशी उत्तरं माझ्या जिभेवर तयार असायची. त्या दिवशी मी म्हणाले, "ह्यांनी डब्याचं झाकण फेकून मारलं."

मी मोठ्यानं बोलले नव्हते. पण मागे उभ्या असलेल्या चार-पाच जणांनी ऐकलं. योएलनंही ऐकलं. तो हसला, पाळकीणबाईंना म्हणाला, "थट्टा करते ती," आणि माझं कोपर धरून मला घरी घेऊन आला. आई भिंतीला हात लावत मागून आल्या.

घरात शिरल्यावर त्यानं दार नुसतं लोटलं. रविवारचा कोट काढला, हँगरला नीट अडकवला, बाह्या वर केल्या. मग माझे केस धरून मला स्वयंपाकघरात नेलं आणि माझं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. पट्टीखालची जखम उसवली. मी खाली पडले, तसा तो लाथा मारायला लागला. "सगळ्या चर्चपुढे? माझी अब्रू? सगळ्या चर्चपुढे?" दर वेळेला एक लाथ. बरगडीत काहीतरी कट्कन वाजलं आणि माझा श्वास अर्ध्यात अडकला. मग तो माझ्या छातीवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी माझा गळा धरला. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या अगदी जवळ होता. तो रागावलेला दिसत नव्हता. एखादं झाकण घट्ट बसवताना माणूस दिसतो, तसा दिसत होता. माझ्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले.

आई कधी आल्या मला दिसलं नाही. त्याच्या सदऱ्याची कॉलर मागे ओढली गेली एवढं दिसलं. "सोड! सोड तिला, मरेल ती!"

त्यानं मागे न बघता कोपर मारलं. त्या दाराच्या चौकटीवर आदळल्या आणि उजव्या हातावर पडल्या. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज आला.

त्या आवाजानं त्याचे हात सुटले. तो वळला. आईंचा हात मनगटाच्या वर भलत्याच दिशेला वळलेला होता. "आई," तो म्हणाला. मग गुडघ्यांवर सरपटत त्यांच्याजवळ गेला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. "आई, माझ्या लक्षात आलं नाही गं. माझ्या हातून काय झालं हे. मला माफ कर. आई, माफ कर मला."

मला सांगितलंच पाहिजे, तो खोटं रडत नव्हता. त्याचं रडणं ऐकून, गळ्यावर त्याच्या बोटांचे वळ असतानाही, मला त्याची कीव आली.

आईंनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. "केलं माफ, लेकरा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका मायेचा होता की मला वाटलं, संपलं, उद्या पुन्हा डाळ निवडायची. "जा, रिक्षा घेऊन ये."

तो अनवाणीच धावत बाहेर गेला.

"विनया. कडी लाव."

"आई, तुमचा हात..."

"हाताचं मला कळतं. तू कडी लाव आधी. मागच्या दाराचीही."

मला उभं राहता येत नव्हतं. मी रांगत गेले, पुढच्या दाराला धरून वर झाले आणि कडी घातली. परत येऊन मागची घातली. आईंनी तोवर दातांनी आणि डाव्या हातानं पदर फाडून मोडका हात लाटण्याला बांधायला घेतला होता. गाठ मला मारायला सांगितली. गाठ मारताना त्यांच्या तोंडातून हूं की चूं निघालं नाही. फक्त कपाळावर घाम आला.

मग दारावर थापा पडायला लागल्या. "आई! रिक्षा आली. दार का लावलंय?"

"तुझ्यासाठी लावलंय."

"माफ केलंस ना तू मला?"

"केलं ना. म्हणून तर तळतळाट देत नाही. पण दार उघडणार नाही."

मग त्यानं खिडकीची काच फोडली. हात आत घालून गजांमधून कडी शोधायला लागला, आणि काचेनं त्याचं स्वतःचं मनगट चिरलं. रक्त भिंतीवरून ओघळायला लागलं. "विनया, बाहेर ये तू! तूच शिकवलंस हिला! जिवंत सोडत नाही तुला!" आमच्या कंपाउंडात सगळी चर्चचीच घरं. एकेक दार उघडलं, लोक जमले. दोघातिघांनी त्याला मागे ओढलं. पाळकसाहेब आले आणि दाराला तोंड लावून म्हणाले, "सगुणाबाई, मुलगा रडतोय. रक्त वाहतंय त्याचं. आईचं अंतःकरण असं कठोर नसतं. क्षमा करा, दार उघडा."

"क्षमा झाली, पाळकसाहेब," आई आतून म्हणाल्या. "आता मला पोलीस ठाण्यात जायचंय. त्याला धरून ठेवत असाल तर दार उघडते. नाहीतर आम्ही दोघी इथंच मरू, आणि मग तुम्हीच दफनविधी करा."

उत्तर आलं ते पाळकीणबाईंचं. "धरलंय त्याला. रिक्षा उभी आहे. मी येते तुमच्याबरोबर."

पुढचं थोडक्यात सांगते. खटला चालला, आईंनी कोर्टात उभं राहून साक्ष दिली, योएलला शिक्षा झाली. शिक्षा संपवून तो दुसऱ्या गावी गेला आणि तिथंही चर्चमध्ये गायला लागला, असं कानावर आलं. नगरच्या अर्ध्या मंडळीनं आमच्याशी बोलणं टाकलं. आम्ही दोघी सोलापूरला आलो. मला एका शाळेत नोकरी मिळाली, आणि आई शेवटपर्यंत माझ्याजवळ राहिल्या. दरवर्षी मी मेळ्याच्या स्टॉलवरून त्या तसल्या कादंबऱ्या आणायचे आणि त्यांना वाचून दाखवायचे. बहुतेक वाईटच निघायच्या. तरी मी एकही शेवटपर्यंत वाचल्याशिवाय बाजूला ठेवली नाही. नाक मुरडायची माझी सवय त्या एका पुस्तकानं कायमची घालवली.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी पोलीस ठाण्यातल्या बाकावर आम्ही रक्तानं माखलेल्या बसलो होतो. समोर वयस्क हवालदार होता. माणूस वाईट नव्हता. त्यानं आधी आम्हाला पाणी दिलं.

"कुणी मारलं?"

"माझ्या मुलानं," आई म्हणाल्या. "हिला. मधे पडले म्हणून मलाही."

त्यानं पेन खाली ठेवलं. "मावशी, ऐका माझं. आत्ता रागात आहात. आधी दवाखान्यात जा. एकदा कागद झाला की पोटच्या पोराला बेड्या पडतील. मग उद्या तुम्हीच रडत याल माझ्याकडे, सोडा म्हणून. रोज बघतो मी."

"मी रागात नाही."

"मग?"

आईंनी त्याच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. घरी, हात मोडला तेव्हा, गाठ मारली तेव्हा, मुलगा दारावर थापा मारत होता तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. आता एकदम हुंदका फुटला, आणि मग थांबेचना. लहान मूल रडतं तसं, तोंड उघडं टाकून त्या रडायला लागल्या. हवालदार उठून उभा राहिला. पाळकीणबाईंनी त्यांच्या खांद्याला धरलं.

"बघा, मी म्हटलं ना," हवालदार हळूच म्हणाला. "राहू द्या आज. घरी न्या त्यांना."

आईंनी डाव्या हातानं टेबल चाचपलं. पेन हाताला लागलं तसं ते उचलून त्याच्या पुढे धरलं.

"माझं रडणं चालूच राहील," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहा."